चित्रांतले अश्रू



कार्टूनपटातले रडणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. वसंतात व्याख्यान ऐकायला यावे ते शिवचरित्रासाठी, ज्ञानेश्वरीसाठी, फार तर शेतीमालाच्या भावासाठी. परंतु ज्या घरात आज सहा-सात वर्षांचे मूल आहे, त्या घरातील जेवणाची वेळ आठवून पाहावी. ताटात वरणभात निवतो आहे, समोर टीव्ही नाहीतर मोबाइल आहे आणि पडद्यावर कोणीतरी चित्रातला मुलगा दोन्ही डोळ्यांतून नळ सोडल्यासारखा रडतो आहे. पाच मिनिटांनी पुन्हा रडतो. मूल निर्विकारपणे घास गिळते. एवढे रडे समोर चालले असता त्या मुलाला काहीच का होत नाही, हा आजचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

रडण्याविषयी विंचूरला येऊन बोलणे हे तसे धाडसच. लासलगावची बाजार समिती शेजारी आणि तिचे उपबाजार आवार खुद्द या गावात. डोळ्यांतून पाणी येणे आणि दुःख होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. कांदा चिरला की त्यातील गंधकयुक्त द्रव्याची वाफ डोळ्याला झोंबते आणि धारा लागतात. त्यात शोक औषधालाही नसतो. हे विषयांतर वाटेल, पण नेमके हेच विषयांतर भरतमुनींनी आपल्या शास्त्रात केलेले आहे. नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत स्तंभ, स्वेद, रोमांच यांच्या पंक्तीला अश्रू बसविले आहेत. आणि अश्रू कशाने येतात हे सांगताना शोक, आनंद, क्रोध, भय यांच्या जोडीला धूर, अंजन, जांभई, थंडी, एकटक पाहणे ही कारणेही न लाजता नोंदविली आहेत. भरताच्या काळी आपल्याकडे लाल कांद्याचे लिलाव होत असते तर त्याने कांदाही लिहिला असता, याविषयी मला शंका नाही.

यातली गोम अशी की शास्त्रकाराने अश्रूला दुःख म्हटलेले नाही. शोक हा स्थायी भाव. तो ज्याच्यामुळे जागा होतो ते विभाव, म्हणजे मृत्यू, वियोग, संपत्तीचा नाश. तो बाहेर दिसतो तो अनुभावांतून, म्हणजे हात गळणे, आवाज फाटणे, पाऊल अडखळणे, आणि डोळे भरून येणे. या सगळ्यांच्या मेळातून प्रेक्षकाच्या मनात करुणरस निर्माण होतो. रस पात्राच्या डोळ्यात नसतो, तो बाकावर बसलेल्या माणसात असतो. बाजाराच्या भाषेत बोलायचे तर अश्रू ही हिशेबपट्टी आहे. माल आला, वजन झाले, भाव ठरला, मग पट्टी. मालच आला नसता नुसत्या पट्ट्या फाडणाऱ्या अडत्यावर कोण विश्वास ठेवील?

परंतु शास्त्र सांगते एक आणि कवी करतात दुसरे. चित्रे आणि अश्रू यांचा संबंध आपल्या वाङ्मयात ज्याने सर्वांत सुंदर रीतीने दाखविला, तो आठव्या शतकातला भवभूती आपल्याच विदर्भातला. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकाला चित्रदर्शनाचा अंक म्हणतात. राज्याभिषेक झाला आहे, सीता गर्भवती आहे, आणि लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्याची रंगविलेली चित्रे दाखवीत आहे. एक चित्र, मग दुसरे, मग तिसरे. बाजूला सांगणारा लक्ष्मण. आजच्या शब्दांत सांगायचे तर ती एक चित्रमालिकाच. शूर्पणखेचे चित्र येताच सीता दचकते, आणि हे केवळ चित्र आहे अशी रामाला तिची समजूत घालावी लागते. जनस्थानाचे चित्र आले की खुद्द रामाचे डोळे वाहू लागतात. इकडे लक्ष द्यावे. चित्रात कोणी रडते आहे की नाही याची भवभूतीला फिकीर नाही. रडतात ते चित्र पाहणारे, कारण त्या रंगांच्या मागे काय घडले होते हे त्यांना ठाऊक आहे. आणि प्रेक्षकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे हे सुख संपत आले आहे आणि घटका-दोन घटकांत सीतेचा त्याग व्हायचा आहे. म्हणून रामाच्या अश्रूंपेक्षा दमून रामाच्या हातावर निजलेली सीता पाहून आपला जीव अधिक कासावीस होतो.

याच भवभूतीवर अतिरेकाचा आरोप झाला आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. तिसऱ्या अंकात राम पंचवटीला येतो. आपल्या जिल्ह्याची परंपरा ज्या गोदाकाठाला पंचवटी मानते, त्याच नावाच्या भूमीवर हा सर्व अंक घडतो. तिथे राम रडतो, मूर्च्छित होतो, सावध होतो, पुन्हा रडतो, पुन्हा मूर्च्छित होतो. राजाने किती वेळा बेशुद्ध पडावे यालाही काही मर्यादा हवी, असे अनेक टीकाकारांनी सुचविले आहे. मला तरी वाटते की त्याच अंकाच्या आरंभी कवीने आपल्याच दोषावरचा उतारा देऊन ठेवला आहे. रामाचा शोक वैद्याच्या पुटपाकासारखा आहे, असे तिथे एक पात्र म्हणते. औषध भांड्यात घालून वरून माती लिंपतात आणि आच देतात. आत सर्व काही शिजत असते, बाहेर वाफसुद्धा येत नाही. करुणरसाचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही.

पुटपाकाचे उदाहरण या गावाला परक्या इतिहासातून शोधून द्यायला नको. विंचूर ज्यांची जहागीर झाली आणि ज्यांच्या घराण्याने या गावाचे नाव आडनाव म्हणून मिरविले, ते सरदार विठ्ठल शिवदेव १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर होते आणि तेथून जिवंत परतले. त्या पराभवाची वार्ता दक्षिणेकडे कशी आली हे आपण शाळेत शिकलो आहोत: एका सावकारी पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीच्या भाषेत. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे मोती. सरदार त्या मोहरा. सामान्य शिपायांची गणती खुर्द्यात. त्यात आक्रोश नाही, ऊर बडविणे नाही. व्यापाऱ्याने तोटा कळवावा तसे कळविले आहे. आणि अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही मराठी माणसाला ते आठवले की घशाशी काहीतरी येते. लिहिणाऱ्याने आपल्यासाठी रडण्याचे काम करून टाकले असते, तर आपल्याला करण्यासारखे काय उरले असते?

आता राजवाड्यातून आणि छावणीतून खाली उतरून लोकांच्या चित्रकथेकडे येऊ. चित्रे दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त सापडतो. त्या परंपरेचा जिवंत धागा म्हणजे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना या कलेचे नाव प्रथम कळले. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला हे लोक पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर ओव्या म्हणतो आणि मध्ये बोलून अर्थ सांगतो. ती चित्रे कोणी पाहिली असतील त्यांना आठवेल, चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले, आणि डोळा मोठा, टक्क उघडा. लग्नातला डोळा आणि रणातला डोळा यांत फारसा फरक नाही. मग शोक कुठून येतो? तो कथेकऱ्याच्या गळ्यातून येतो, ओवी लांबविण्यातून येतो, आणि पुढचे चित्र उचलण्यापूर्वी तो जो क्षणभर थांबतो त्या थांबण्यातून येतो. चित्र निश्चल आहे म्हणून ऐकणारा आपल्या मनातले दुःख त्या उघड्या डोळ्यात घालू शकतो. जपानातही १९३० च्या सुमारास सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रे सरकवीत गोष्टी सांगणारे, आणि सांगण्यापूर्वी पोरांना गोळ्या विकणारे, लोक होते. त्या खेळाला कामिशिबाई म्हणत. जपान आपल्या कथेत पुन्हा यायचा आहे, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

चित्र हलू लागले आणि सगळा हिशेब बदलला. हे आपल्याकडे ज्याने घडविले तो पुरुष आपल्याच जिल्ह्यातला. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ मध्ये लंडनहून यंत्रसामग्री घेऊन ते परतले, तेव्हा त्यांच्या बोलण्यावर पैसे द्यायला कोणी तयार होईना. त्यांनी एक दाणा कुंडीत पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडथोडी फिल्म घेत अंकुर वाढतानाचे चित्र तयार केले. ते पाहून भांडवल उभे राहिले. म्हणजे या देशातील सिनेमाचे पहिले आकर्षण हे एका रोपट्याचे हळूहळू वर येणे होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला.

हरिश्चंद्राची कथा म्हणजे करुणरसाचे कोठार. राज्य गेले, बायको विकली, पोर साप चावून मेले आणि स्मशानात बाप स्वतःच्याच मुलाच्या दहनाचा कर मागतो आहे. लहानपणी काठेवाडात हेच नाटक पाहून आपल्याला वारंवार रडू येई, असे गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. फाळक्यांनी मात्र ही कथा सांगितली ती मुक्या चित्रांत. आवाज नाही, तारामती झालेले साळुंके हे पुरुष, कॅमेरा बहुधा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा दूर आणि स्थिर. त्या अंतरावरून गालावरचा थेंब दिसणेच शक्य नव्हते. म्हणून दुःख दाखवायचे ते सबंध शरीराने: गुडघे मोडून बसणे, पदर डोळ्यांकडे नेणे, हात अर्ध्यात थांबणे. अडचणीतून आलेली ही रीत होती, पण भरताच्या अनुभावांशी तिचे चांगले जुळत होते.

१९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. आगपेटीतील काड्या एकेका फिल्मचौकटीला थोड्या सरकवून त्यांना जिवंत केल्याचा भास. आज तो आपल्याला पाहायला मिळत नाही. पण एवढे खरे की काडीला डोळे नसतात. तिला रागावायचे असो, घाबरायचे असो की रुसायचे असो, ते हालचालीनेच दाखविले पाहिजे. आपल्या मातीतला हलत्या चित्रांचा हा पहिला प्रयोग असा अश्रूंवाचून झाला. आणि चार वर्षांनी, १९१९ च्या ‘कालियामर्दना’त, फाळक्यांनी आपली सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले तेव्हा पटाच्या प्रारंभी नुसता तिचा चेहरा पडद्यावर आणला आणि त्यावर एकामागून एक भाव उमटविले. कथेचा पत्ता नाही, कारण नाही, केवळ चेहरा. सुदैवाने हा भाग वाचला आहे. तो पाहताना कौतुक वाटते, हसू येते, परंतु मन हलत नाही. ते हलू नयेच, कारण हा ‘पाहा, ही मुलगी काय काय करू शकते’ असा खेळ आहे. विभावावाचून अनुभाव काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचा इतका स्वच्छ पाठ दुसरीकडे मिळणार नाही.

दूरचा कॅमेरा पुढे जवळ आला, चेहरा पडदाभर झाला आणि थेंब दिसू लागला. दिसू लागताच त्याला मागणी आली आणि मागणी आली तशी ग्लिसरीनची बाटली आली. आपल्या बोलपटांतील रडारडीचा इतिहास हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. ‘माहेरची साडी’ १९९१ साली आली तेव्हा बायका रुमाल बरोबर नेत, एवढे सांगून तो सोडतो. मात्र जिवंत नट कितीही वाईट असला तरी त्याचा चेहरा थोडा तरी खरा असतो. डोळा लाल होतो, नाक फुगते, आवाज चिरतो. चित्रातल्या माणसाचे तसे नाही. त्याचा अश्रू म्हणजे शाईचा ठिपका. काढणाऱ्याने काढला तर आहे, नाही तर नाही.

पहिला ठिपका लौकरच पडला. अमेरिकेतल्या विन्सर मॅके या चित्रकाराने १९१४ मध्ये हजारो चित्रे स्वतः काढून ‘गर्टी’ नावाची एक प्रचंड प्रागैतिहासिक जनावरी पडद्यावर आणली. मॅके रंगभूमीवर चाबूक घेऊन उभा राही आणि पडद्यावरच्या गर्टीला हुकूम करी. ती ऐकेना तेव्हा तो रागावे आणि ती डोंगराएवढी गर्टी लहान पोरीसारखी मुसमुसू लागे. लोक बेहद्द खूश. कार्टूनपटाच्या इतिहासात जिला स्वतःचा स्वभाव आहे असे म्हणता येईल, अशी ही बहुधा पहिलीच व्यक्तिरेखा, आणि ती पदार्पणातच रडली! पण कसे, ते पाहावे. आधी तिचा हट्टीपणा दिसतो, मग खादाडपणा, मग धन्याचा राग. आणि मग रडणे. रडण्याआधी तिची आपली ओळख झालेली असते.

हे गणित वॉल्ट डिस्नेच्या मंडळींनी नीट सोडविले. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये ती मेली असे समजून सात बुटके तिच्या भोवती उभे राहतात. तोवर चित्रपटभर धडपडणारे, आपटणारे, नाचणारे हे लोक त्या दृश्यात जवळजवळ हलत नाहीत. माना खाली, मेणबत्त्या, गालावरून सावकाश उतरणारा थेंब. त्यांतला जो चिडका, ज्याने त्या मुलीला पहिल्यापासून विरोध केलेला, तो तोंड फिरवून रडतो, आणि प्रेक्षागृह त्याच्याबरोबर रडते. पुढे १९४२ च्या ‘बांबी’त याहूनही काटकसर आहे. हरिणी आणि पाडस नवे गवत खात असतात, चाहूल लागते, दोघे पळतात, बंदुकीचा आवाज. पाडस झाडीत पोहोचते, मागे वळते, आई नाही. बर्फ पडू लागते. ते हाका मारीत फिरते. आईचा देह आपल्याला दाखवलेला नाही. बापाने दोन शब्दांत सांगितल्यावर पाडसाच्या डोळ्यात एक थेंब येतो, आणि ते एकदा मागे पाहून चालू लागते. सबंध पिढ्या हे दृश्य विसरल्या नाहीत. आठवणीत राहतो तो बहुधा थेंब नव्हे, बर्फ राहते.

आपल्याकडे ही विद्या रीतसर आली ती याच परंपरेतून. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. पुढे भारतीय कार्टूनपटाचे आचार्य ठरलेले राम मोहन त्या वर्गातलेच. त्यातून १९५७ चा ‘द बनियन डिअर’ निघाला. कथा जातकातली: गाभण हरिणीची पाळी आली असता कळपाचा राजा तिच्या ऐवजी स्वतः मरायला उभा राहतो. ज्याची मान खाटकाच्या ठोकळ्यावर आहे त्याच्या डोळ्यात थेंब काढला काय आणि न काढला काय, गोष्ट तेवढीच चटका लावते. १९७४ मध्ये विजया मुळे आणि भीमसेन यांनी ‘एक अनेक और एकता’ केला. दूरदर्शनवर तो ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढे आजही जाळ्यासकट उडणारे पक्षी उभे राहतात. भीती आणि सुटका ही दोन्ही त्या उडण्यात आहेत.

मग हे सर्व बिघडले कुठे? माझ्या मते ते बिघडले हिशेबाच्या वहीत, आणि ही गोष्ट कलेच्या इतिहासात नवी नाही.

पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवले तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात. एखादा माणूस वाईट बातमी ऐकून खांदे टाकून दहा सेकंद चालत गेला असे दाखवायचे, तर एकशेवीस चित्रे काढायची, आणि प्रत्येकात वजन, पाऊल, मान सांभाळायची. तो खरा खर्च आणि ते खरे कौशल्य. याउलट चेहरा एका पारदर्शक पत्र्यावर एकदाच काढून ठेवायचा, दुसऱ्या पत्र्यावर वाहत्या अश्रूची तीन-चार चित्रे काढायची, आणि तीच फिरवून फिरवून हवी तितकी सेकंदे वापरायची. चेहरा मेलेला, पाणी जिवंत. मालक खूश, वेळेवर माल तयार, आणि पाहणाऱ्या पोराला अर्थ तर कळलाच: हा दुःखी आहे.

दूरचित्रवाणी आली आणि दर आठवड्याला नवा भाग हवा झाला, तेव्हा ही युक्ती अपरिहार्य ठरली. जपानात ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ मालिका १ जानेवारी १९६३ ला सुरू झाली. पैसा अपुरा, वेळ त्याहून अपुरा. चित्रे कमी करणे, स्थिर चित्रावर कॅमेरा फिरविणे, एकदा काढलेली चित्रे साठवून पुन्हा वापरणे हे तिथे रूढ झाले. तेझुका हा प्रतिभावान कलावंत होता, आणि तंगीतही त्याने उत्तम काम केले. पण तंगीत शोधलेली तोड पुढे सवय बनली आणि सवयीची लिपी झाली. जपानी चित्रकथांत तर अशी लिपी आधीच तयार होती: कपाळावर घामाचा मोठा थेंब म्हणजे ओशाळणे, गालांवरून दोन पन्हळी म्हणजे रडू. ज्याला लिपी येते तो वाचतो. परंतु ‘दुःख’ हा शब्द वाचल्याने कोणाला दुःख होत नाही.

या लिपीचा आपल्या घरांतला सर्वांत परिचित नमुना म्हणजे नोबिता. ‘डोरेमॉन’ ही फुजिको फुजिओ यांची चित्रकथा १९६९ च्या अखेरीस जपानी मासिकांतून निघू लागली, १९७९ पासून तिची मोठी मालिका झाली आणि २००५ पासून ती हिंदी बोलत आपल्याकडे आली. मराठी मुले घरात हिंदी बोलू लागली याचे श्रेय की अपश्रेय पुष्कळ आईबाप तिलाच देतात. नोबिता मार खातो, नापास होतो, चिडविला जातो, आणि प्रत्येक वेळी रडत घरी धावत येतो. डोरेमॉन खिशातून यंत्र काढतो. पुढच्या भागात पुन्हा तेच. मी या मालिकेचा शत्रू नाही. ती गमतीची आहे, आणि त्यातले रडणे हे मुळात हसविण्यासाठी आहे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्यानेही भोकाड पसरले तर आपण डोळे पुसत नाही. बिघडते ते पुढे. तीच पन्हळ जेव्हा आजी वारल्याच्या प्रसंगी काढली जाते, तेव्हा मुलाच्या डोळ्याला फरक कसा कळावा? रोज जे नाणे चण्याफुटाण्यांना चालते, तेच सोन्याच्या दुकानात पुढे केले आहे. २०१४ मध्ये याच डोरेमॉनवर मोठा चित्रपट निघाला तेव्हा जपानात जाहिरातदारांनी डोरेमॉनच्या नावाला रडणे हा शब्द जोडून नवाच शब्द पाडला आणि लोकांना एकत्र रडायला यायचे आमंत्रण दिले. रडू हे विक्रीचे आश्वासन झाले, तिकिटाबरोबर हमी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मराठी माणसाला साने गुरुजींनी वाढविले. तुम्ही अश्रूंना नावे कशी ठेवता? ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत, आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली गेली. तिच्यात अश्रू आहेत, भरपूर आहेत, आणि अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटातही आहेत. पण पोहायला घाबरून लपलेल्या पोराला आईने फोकाने मारून विहिरीवर पाठविले हे आधी येते, आणि त्या वळांकडे पाहून तिचे डोळे भरतात हे नंतर. त्या पाण्याची किंमत आधी चुकती झालेली आहे. गुरुजींवर ‘रडके’ म्हणून टीका करणाऱ्यांनी थेंब मोजले, पट्टीमागचा माल पाहिला नाही.

आणि ज्या जपानने ही पन्हळ जगाला दिली, त्याच जपानने तिच्यावरचा उत्कृष्ट उताराही दिला. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा कार्टूनपट, काजव्यांच्या थडग्यावरचा. युद्धाचे दिवस, बाँबहल्ल्यात आई होरपळली आहे, चौदा वर्षांच्या सेइताने तिला पाहिले आहे, चार वर्षांच्या सेत्सुकोला सांगितलेले नाही. पण ती काहीतरी ओळखते. शाळेच्या मैदानात ती उकिडवी बसते, भावाकडे पाठ करते आणि रडू लागते. त्या भावाला काय करावे ते सुचत नाही. तो मैदानातल्या लोखंडी दांड्याला लटकतो आणि कसरत करून दाखवू लागतो. गोल, पुन्हा गोल, पुन्हा गोल. ती पाहतही नाही. बस, एवढेच दृश्य. रडणारी एक आहे, पण आपले काळीज फाटते ते न रडणाऱ्यासाठी. या एका कसरतीसाठी चित्रकारांनी किती कागद खर्ची घातले असतील, ते मघाच्या हिशेबावरून आपणच ताडावे.

आपल्या तालुक्यात दुःख कसे दिसते ते मी आपल्याला सांगायला नको. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली आणि भाव कोसळले, त्या दिवसांत बाजाराच्या आवारात किती जण ढसाढसा रडत होते? माणूस ट्रॅक्टरचे भाडेही न सुटल्याचा हिशेब घेऊन घरी येतो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो आणि ओट्यावर बसून राहतो. बायको पाणी आणून ठेवते. ते तसेच राहते. आत मूल टीव्ही पाहते आहे. दुःख म्हणजे गालावरच्या दोन पन्हळी, एवढेच ज्याच्या डोळ्याला शिकविले गेले आहे, त्याने ओट्यावरच्या बापाकडे पाहून काय ओळखावे? बाप रडत नाही, म्हणजे बाप ठीक आहे. माझी तक्रार चित्रकलेपुरती असती तर आपला एवढा वेळ घेतला नसता. मुलांना चांगल्या-वाईट चित्रांतला फरक कळला नाही तर थोडे नुकसान आहे. माणसे वाचता आली नाहीत तर फार मोठे आहे.

टीव्ही फोडावा, मोबाइल विहिरीत टाकावा, असे मी म्हणणार नाही. ते कोणी करणारही नाही. शाळेतल्या शिक्षकांना आणि घरातल्या आजीआजोबांना एक साधा खेळ मात्र सुचवितो. कार्टूनपट चालू असता आवाज बंद करावा. पडद्यावरच्या माणसाच्या डोळ्यांवर कागदाची एक चिठ्ठी धरावी, आणि मुलाला विचारावे: याला काय झाले आहे? कशावरून म्हणतोस? चांगल्या पटात मूल हात दाखवील, खांदे दाखवील, चालणे दाखवील. बांबीच्या वेळी ते बर्फाकडे बोट करील. नोबिताच्या वेळी चिठ्ठीखाली सगळेच झाकले जाईल. आणि सेत्सुकोवर चिठ्ठी कुठे धरायची हा प्रश्नच पडेल, कारण तिने आधीच आपल्याकडे पाठ केलेली आहे.